एका फॅरडची फेरी

सिग्नी उठून खाली आली तेव्हा तिचे वडील स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्याउभ्याच कॉफी पीत होते. अंगात कोट, गळ्यात टाय, कोटाच्या खिशाला खडूची पांढरी बोटं उमटलेली. शाळा भरायला अजून बराच अवकाश होता.

"बाबा, बसून प्या की. कुणी हाकलत नाहीये."

"आज बसायचा दिवस नाही. आज फॅरड आहे." त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "हे केस असे काय कापलेस?"

"केव्हाचे कापलेत."

"बरे दिसत नाहीत."

"तेव्हाही हेच म्हणाला होतात."

"म्हणजे माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, नाही का?" हाल्वर क्वामे स्वतःवरच खूश होऊन हसले. कप विसळून त्यांनी पालथा घातला. "आणि काल तू आलीस ती काय तऱ्हा झाली? अंगणात धुरळाच धुरळा. हा रस्ता आहे, सिग्नी, धावपट्टी नाही."

हे वाक्य ती गाडी चालवायला शिकली तेव्हापासून ऐकत आली होती. तिनं नेहमीसारखी मान डोलावली आणि ओव्हनमधून वड्यांचा ट्रे बाहेर काढला. रुबार्बच्या वड्या, आईच्या हातच्या असायच्या तशाच आंबटगोड व्हाव्यात म्हणून आईच्याच ट्रेमध्ये केलेल्या. कडा जरा करपल्या होत्या.

फार्गोहून येताना तिनं गाडीच्या डिकीत रिकामी खोकी आणली होती. त्यांचा विषय तिनं काढला नव्हता, आणि ती लागतील असं तिला वाटतही नव्हतं. खरं सांगायचं तर ती हरायला आली होती.

झालं होतं ते असं. जानेवारीत हाल्वर किराणा आणायला म्हणून घरून निघाले, आणि अंधार पडायच्या सुमाराला शेजारच्या जिल्ह्यातल्या एका पेट्रोल पंपाशी, इंजिन चालू ठेवून गाडीत बसलेले सापडले. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. शेरीफनं काचेवर टकटक केली तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "आयडेला आत गेलीय. येईलच एवढ्यात." आयडेला म्हणजे सिग्नीची आई. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

त्यानंतर सिग्नीनं फार्गोमध्ये, ती ज्या दातांच्या दवाखान्यात काम करायची त्याच्याजवळच, म्हाताऱ्या माणसांसाठी असलेल्या एका इमारतीत खोली बघून ठेवली. खिडकीतून वाहनतळ दिसायचा. ईस्टरच्या जेवणाला तिनं विषय काढला. हाल्वरनी हॅमचा दुसरा तुकडा ताटात घेतला, मोहरी लावली, आणि म्हणाले, "आपण पैज लावू. ज्या दिवशी मला माझा फॅरड फळ्यावर मांडता येणार नाही, त्या दिवशी मी शेजारच्या सीटवर बसेन. एक शब्दही न बोलता. तू नेशील तिथं येईन. पण मांडता आला, तर तो वाहनतळ तू मला पुन्हा दाखवायचा नाहीस."

"बाबा, ते गणित तुम्ही झोपेतही सोडवाल."

"म्हणूनच तर पैज लावतोय."

ती हो म्हणाली. नाही म्हटलं असतं तर ते टेबलावरून उठून गेले असते.

हॅवरडाल हे उत्तर डकोटातलं गाव. रस्त्याला नाव द्यावं इतकेही रस्ते तिथं नाहीत. हाल्वरनी तिथल्या शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. एकदा ते निवृत्तही झाले, समारंभात केक कापून झाला. पण तिथं शिकवायला दुसरं कुणी येईना, म्हणून शाळेनं त्यांना परत बोलावलं. आता शाळाच मिटायची होती. पुढच्या वर्षापासून उरलीसुरली मुलं बसनं दूरच्या मोठ्या शाळेत जाणार होती. म्हणजे हा शेवटचा वर्ग, आणि हा शेवटचा फॅरड.

फॅरडची गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. धातूच्या दोन पट्ट्या समोरासमोर धरायच्या, मधे जराशी फट ठेवायची, की झाला कपॅसिटर. त्यात विजेचा भार साठतो. किती साठतो ते फॅरडमध्ये मोजायचं. हाल्वर दर मे महिन्यात वरच्या वर्गाला एकच प्रश्न घालायचे. मधे हवा आहे, फट एका मिलिमीटरची आहे, आणि मला पुरता एक फॅरड हवा आहे. तर पट्टी केवढी लागेल?

उत्तर यायचं ते गावापेक्षा मोठं यायचं. त्रेचाळीस पूर्णांक सहा दशांश चौरस मैल! त्या मुलखात सगळी जमीन मैला-मैलाच्या चौकोनांत कापलेली, आणि सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा छत्तीस चौकोनांची एकेक टाउनशिप. अख्खी टाउनशिप पट्टी म्हणून अंथरली तरी फॅरड भरत नाही, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होत. मग गणित संपलं की हाल्वर सगळ्यांना शाळेच्या व्हॅनमध्ये घालून त्या पट्टीच्या कडेकडेनं फेरी मारून आणत. शाळेपासून उत्तरेला सव्वासात मैल, डावीकडे वळून सहा मैल, मग तेवढेच दक्षिणेला, आणि शेवटचे सहा मैल पूर्वेला, घरी. सव्वासात मैलांवर हाउगेचं जुनं चर्च होतं. तिथूनच डावीकडची कच्ची वाट फुटायची. हा योगायोग पहिल्यांदा आयडेलाच्या लक्षात आला होता. "आणि हाल्वर, वर तो जो एक दशांश उरतो ना," ती म्हणाली होती, "तो चर्चच्या अंगणात बसवून टाकू." मग दर वर्षी तिथं थांबून तिच्या रुबार्बच्या वड्या खायचा पायंडा पडला. आता ती स्वतःच त्या अंगणात होती.

पुढे पुढे मुलांनी त्या दिवसासाठी टी-शर्ट छापून घ्यायला सुरुवात केली. हिरव्या रंगाचे, पुढे शाळेचं नाव, आणि पाठीवर मोठ्या पांढऱ्या आकड्यांत ४३.६. गावात जुन्या टी-शर्टांच्या चिंध्या झाल्या होत्या, त्यांनी लोक ट्रॅक्टर पुसत.

वर्गात तीनच मुलं होती. टालिया, वेस्टन आणि रुबेन. तिघंही हिरव्या शर्टांत, पहिल्या बाकांवर. सिग्नी शेवटच्या बाकावर जाऊन बसली. शाळेत असतानाही ती तिथंच बसायची.

हाल्वर खडू घेऊन उभे राहिले आणि त्यांची पाठ ताठ झाली. सिग्नीला ते क्षणभर ओळखू येईनात, इतके ते पूर्वीसारखे दिसले.

"पहिली सूचना," ते म्हणाले. "पुढच्याच्या पाठीवरून कॉपी करायची नाही."

मुलं हसली. हा विनोद त्यांच्या आईबापांनीही ऐकलेला होता.

"आता अंदाज सांगा. केवढी पट्टी? वेस्टन."

अंदाज मुद्दाम चुकीचाच सांगायचा, हाही रिवाजच होता. "आमच्या फ्रिजच्या दाराएवढी, सर."

"तुमच्या फ्रिजच्या दारावर बोटभरही जागा नसते, तुझ्या काकांचा फोटो केवढा लावलाय. रुबेन?"

"फुटबॉलचं मैदान."

"जिथं आपण कधी जिंकलो नाही ते? टालिया?"

"सर, माझ्या आजीच्या लेफ्सेची पोळी असते ना, तेवढी."

"मग फॅरडही जळका निघायचा." ते स्वतःच हसले आणि फळ्याकडे वळले.

सिग्नी नकळत पुढे सरकून बसली. त्यांनी दोन आडव्या रेघा मारल्या, मधे बाण, बाणावर एक मिलिमीटर. मग सूत्र. क्षेत्रफळ म्हणजे धारकता गुणिले अंतर, भागिले हवेचा तो बारीक आकडा. दशांश चिन्हानंतर अकरा शून्यं आणि मग आठ, आठ, पाच. त्यांनी शून्यं एकेक करून लिहिली, घाई न करता. कागद नाही, पुस्तक नाही, कुठं अडखळणं नाही. अकरा कोटी तीस लाख चौरस मीटर. म्हणजे एकशे तेरा चौरस किलोमीटर.

संपलं, सिग्नीच्या मनात आलं. हरले मी. आणि तिला मोकळं वाटलं. पेट्रोल पंप, चालू इंजिन, भुरभुरतं बर्फ, सगळं तसंच राहणार होतं. तरी त्या क्षणी तिला मोकळंच वाटलं.

"मीटर-किलोमीटर पुस्तकात," हाल्वर म्हणाले. "आपण राहतो मैलात. मैलात एक पूर्णांक सहा दशांश किलोमीटर. म्हणून एकशे तेराला भागिले एक पूर्णांक सहा." खडू टकटकला. "सत्तर. सत्तर चौरस मैल! टाउनशिप किती? छत्तीस. म्हणजे जवळजवळ दोन टाउनशिपा अंथराव्या लागतील, पोरांनो."

त्यांनी सत्तरच्या भोवती चौकट काढली आणि हात झाडले.

वेस्टन मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, ही पण थट्टाच. रुबेनही हसायला लागला. हाल्वर त्यांच्याकडे कौतुकानं बघत राहिले, चौकट तशीच राहिली, आणि हसू एकेका तोंडावरून ओसरत गेलं. टालियानं मान खाली घातली.

सिग्नीसमोर तीन पाठी होत्या. ४३.६, ४३.६, ४३.६. आणि त्यांच्या वर, फळ्यावर, सत्तर.

ही चूक तिला चांगली ओळखीची होती. साधा मैल आणि चौरस मैल यांत गल्लत. एक पूर्णांक सहानं दोनदा भागायचं होतं, भागलं एकदाच. मीटरमध्ये गणित आणि मैलात आयुष्य असलेल्या माणसांचीच ही चूक. दर वर्षी कुणी ना कुणी ती करायचंच, आणि हाल्वर त्याच्यावर तुटून पडायचे. "दोरी मोजतोयस की चादर?" तिच्या वर्षी ती खुद्द तिनंच केली होती, फळ्यासमोर, सगळ्यांदेखत. मास्तरांच्या मुलीनं! कित्येक महिने गावात तिला "काय गं, दोरी की चादर?" म्हणून चिडवत होते.

आता हात वर करायचा, एवढंच. "बाबा, दोरी की चादर?" ते चपापले असते, कपाळावर हात मारून घेतला असता, पुसून बरोबर लिहिलं असतं. की नसतं लिहिलं? आणि समजा लिहिलं असतं, तर ती पैज कुणी जिंकली म्हणायची? तिचा हात बाकावरच राहिला. मुलांची तर अळीमिळी गुपचिळी. त्या गावात मोठ्या माणसाला चारचौघांत चुकलास म्हणायची रीतच नव्हती. बुडणाऱ्यालाही लोक तिथं आधी हवापाणी विचारतील.

"इतके गप्प का?" हाल्वर म्हणाले. "शेवटचा फॅरड म्हणून? अरे, वाईट मलाही वाटतंय. चला, व्हॅन काढतो."

ते किल्ली आणायला गेले, तशी टालिया मागे आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"तुम्ही सांगाल ना त्यांना?"

"तू का नाही सांगितलंस?"

"सरांना? मी?" ती म्हणाली. मग खाली बघत, "आम्ही जॅकेटं घालू का? वरून?"

सिग्नीला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा तिला त्या मुलीला जवळ घ्यावंसं वाटलं.

"घाला," ती म्हणाली. "चेन वरपर्यंत लावा."

व्हॅन सिग्नी चालवणार होती. निदान तसं तिनं ठरवलं होतं. पण हाल्वर आधीच स्टिअरिंगमागे बसले होते. "फॅरड मीच चालवतो," एवढंच ते म्हणाले. ती शेजारी बसली, वड्यांचा डबा मांडीवर. मागे मुलं.

बाहेर स्वच्छ ऊन होतं. दोन्ही बाजूंना नुकती पेरलेली काळी जमीन, मधेच एखादं पडकं घर, त्याच्या भोवती लोकांनी कधीकाळी वारा अडवायला लावलेल्या झाडांची रांग. घरं गेली, रांगा राहिल्या. हाल्वर दर मैलाला बोटानं स्टिअरिंगवर टकटक करत. एक. दोन. तीन.

"हीटर चालू आहे का?" वेस्टननं कण्हत विचारलं.

"हीटर? मे महिन्यात?" हाल्वरनी आरशातून बघितलं. "मग जॅकेट काढ की."

"नको, सर. थंडी वाजतेय."

"गरम होतंय की थंडी वाजतेय?"

"दोन्ही," वेस्टन म्हणाला, आणि रुबेननं त्याला कोपर मारलं.

लांबून चर्चचा मनोरा दिसायला लागला. पांढरा रंग उडालेला, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. सिग्नी मनात युक्ती जुळवत होती. तिथं एकदा थांबलो, वड्या खाल्ल्या, की व्हॅन निघताना आपसूक डावीकडे वळेल. हातांना वळण माहीत आहे. चूक झाल्याचं कुणालाच कळणार नाही. त्यांनाही नाही.

"बाबा, चर्चपाशी थांबायचं ना? आईकडे."

"परत येताना," हाल्वर म्हणाले. "सत्तरचं वळण आणखी पुढे आहे. चर्च या खेपेला कोपऱ्यावर नाही गं. आत पडतं."  मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "म्हणजे आयडेला फॅरडच्या आत आली. बरंच झालं की. आजवर बिचारी काठावर होती."

चर्च आलं. डावीकडची कच्ची वाट आली, तिच्या तोंडाशी व्हॅनच्या चाकांनी दर वर्षी पाडलेली चाकोरी अजून दिसत होती. कुंपणापलीकडे आईचा करडा दगड. सगळं खिडकीतून सरकत मागे गेलं. मागे कुणीतरी श्वास आत ओढला. हाल्वरचा पाय क्षणभर उचलला गेला, व्हॅन किंचित मंदावली. मग ते पुन्हा पुढे बघायला लागले. पण मैल मोजणारं बोट आता थांबलं होतं.

"सर," रुबेन कसाबसा म्हणाला, "पुढे पाणी आहे."

"पाणी बदकांसाठी असतं."

"नाही, सर, रस्त्यावर. तो बुडालाय ना, केव्हाचा."

हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पावसाळी वर्षांत तळी फुगली आणि उत्तरेचा रस्ता गिळून बसली ती बसलीच. हाल्वरनाही माहीत होतं. त्यावर त्यांनी वर्तमानपत्रात पत्रही लिहिलं होतं. तरी त्यांनी व्हॅन पुढेच नेली. आणखी दोन-तीन मैल गेले. मग रस्ता हलकेच उतरला, आणि कुठलीही पाटी नसताना सरळ पाण्यात शिरला. विजेचे खांब मात्र न थांबता पुढे चालत गेले होते, एकेक करून गुडघाभर, कमरेइतक्या पाण्यात. दूर एका बुडालेल्या कोठाराचं छप्पर तेवढं वर होतं.

हाल्वरनी व्हॅन थांबवली. इंजिन चालूच होतं.

सिग्नी त्या इंजिनाचा आवाज ऐकत राहिली. आता ते म्हणतील, तिला वाटलं. आयडेला आत गेलीय, येईलच एवढ्यात. मुलांसमोर म्हणतील. तिनं डब्याची कड घट्ट धरली.

पण हाल्वर तसं काही म्हणाले नाहीत. ते पुढे वाकले आणि डॅशबोर्डवरच्या धुळीत बोटानं लिहायला लागले. एकशे तेरा. एक पूर्णांक सहा. त्याखाली रेघ. मग बोट थांबलं, मागे आलं, आणि एक पूर्णांक सहाच्या शेजारी त्यांनी पुन्हा एकदा एक पूर्णांक सहा लिहिलं. बराच वेळ ते त्या दोन आकड्यांकडे बघत होते.

"सिग्नी, तुझ्या वर्षीच्या शर्टावर किती होतं?"

"सत्तर," सिग्नी म्हणाली.

हाल्वरनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"फळ्यावर तू सत्तर लिहिलं होतंस," ते म्हणाले. "शर्टावर नाही."

मग त्यांनी आरशातून मागे पाहिलं.

"टालिया, जॅकेट काढ."

"मला बरं नाही वाटत, सर."

"घाम टपकतोय तुझ्या नाकावरून. काढ, बाळा. आणि पाठ कर इकडे."

टालियानं चेन उघडली. सीटवर गुडघे टेकून ती मागे वळली, तोंड दोन्ही हातांनी झाकून. हाल्वरनी वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर वाचून दाखवावं तसं मोठ्यानं वाचलं. "त्रेचाळीस पूर्णांक सहा दशांश." मग जरा थांबून, "बरोबर आहे."

"सर, आम्हाला वाटलं तुम्ही थट्टा करताय," वेस्टन रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मी गणितात थट्टा करत नाही."

"अंदाजात करता."

"अंदाजात करतो," हाल्वरनी कबूल केलं. त्यांनी तळहातानं धूळ पुसली, सगळे आकडे एकदमच. मग तळहाताकडे बघत, स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "दोरी की चादर."

त्यांनी इंजिन बंद केलं. दार उघडलं, खाली उतरले, व्हॅनच्या पुढून वळसा घालून सिग्नीच्या बाजूला आले, आणि दार उघडून धरून उभे राहिले. वाऱ्यानं त्यांचा टाय खांद्यावर उडत होता. ती उतरेपर्यंत ते तसेच उभे होते.

"बाबा, ते पैजेचं राहू दे. ईस्टरला माणूस काहीही बोलतो. इतकी वर्षं बरोबर आलं, एकदा चुकलं तर..."

ते तिच्या सीटवर बसले, पट्टा लावला, वड्यांचा डबा मांडीवर घेतला, आणि समोर पाण्याकडे बघू लागले.

सिग्नीनं व्हॅन वळवली. तिला हेच हवं होतं. त्यासाठी तिनं किती रात्री फोनवर त्यांच्याशी वाद घातला होता. त्यांना एकट्यानं राहू देण्यात शहाणपण नव्हतं, आणि ते आता एकटे राहणार नव्हते. हे सगळं खरं होतं. तरी वळताना मागचं चाक खड्ड्यात गेलं. ती वाट बघत होती. ते काहीच म्हणाले नाहीत.

चर्चपाशी ती थांबली. मुलं जॅकेटं गाडीतच टाकून उतरली. डबा फिरला. वेस्टननं एक वडी घेतली, दुसरी घेतली, आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "कडा जळल्यात." टालियानं त्याला चापट मारली. हाल्वर आपली वडी घेऊन करड्या दगडाकडे गेले. तिथं ते टोपी काढून उभे होते. बोलत होते की नुसतेच उभे होते, ते इतक्या लांबून सांगता येत नव्हतं. वडी त्यांनी अर्धीच खाल्ली. उरलेली अर्धी दगडावर ठेवली आणि परत येऊन आपल्या नव्या जागेवर बसले.

"सर, म्हणजे फॅरड धरायचा का आपला?" रुबेननं मागून विचारलं. "थोडं शेपूट जास्त झालं, पण पूर्ण होईल ना फेरी?"

हाल्वर समोर बघत होते.

"होईल," सिग्नी म्हणाली.

परतीच्या दिशेनं आता उजव्या हाताला आलेल्या त्या वाटेला तिनं व्हॅन वळवली. कच्च्या वाटेचे सहा मैल, मग दक्षिणेचे सव्वासात.  मागे मुलं झोपल्याचं सोंग घेत होती की खरंच पेंगली होती कोण जाणे. ऊन आता तिच्या बाजूनं येत होतं, आणि त्या उजेडात शेजारच्या सीटवरचा चेहरा फार म्हातारा दिसत होता. मांडीवर दोन्ही हात पालथे. उजव्या तळव्याची धूळ पँटला लागली होती, ती त्यांनी झटकली नव्हती.

शेवटचं वळण आलं. इथून शाळा सहा मैल, सरळसोट खडीचा रस्ता. सिग्नीनं आरशात मुलांकडे एकदा पाहिलं, पट्टे लागलेत ना ते बघितलं, आणि पाय दाबला.

काटा वर चढला. खालून खडी तडतडायला लागली, डब्याचं झाकण थरथरलं, मागे धुरळ्याचा लोट उठून आभाळात गेला. एका उंचवट्यावरून व्हॅन उडाली आणि आपटली. मागे वेस्टन "ओ!" म्हणाला. तिनं पाय काढला नाही. तिचं सगळं लक्ष उजव्या कानात गोळा झालं होतं. हा रस्ता आहे, सिग्नी. एवढंच. एकदाच.

गावची पाण्याची टाकी दिसायला लागली. मग शाळेचं छप्पर. हाल्वर दाराच्या वरची कडी एका हातानं धरून बसले होते. ओठ मिटलेले. ते शब्दाला जागत होते.